पाहुण्यांच्या बाई

चंद्रपूरच्या ऑफिसात मी रुजू झालो त्याच आठवड्यात एक नवा शिपाईही लागला होता. एका सकाळी आमच्या वरिष्ठ बाई खुर्चीतूनच म्हणाल्या, "आज चार पाहुणे हायेत." शिपायानं ते ऐकलं, कोपऱ्यावरच्या टपरीवरून चार चहा आणले, बिस्किटाचा पुडा आणला आणि ट्रे घेऊन बराच वेळ दाराशी उभा राहिला. कुणीच येईना. शेवटी त्यानं विचारलं, "बाई, पाहुणे कुठी हायेत?"

बाईंनी कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बोट केलं. "हे काय. दोघं पुण्याचे, एक बंगलोरचा, एक डेहराडूनची." मग ट्रेकडे पाहून म्हणाल्या, "आनलाच हाये तं दे. त्याईच्या वाटचा आपन पिऊ."

आमची संस्था जंगलात कॅमेरे लावते. नाल्याकाठी, पाणवठ्यावर, गावांच्या शिवेवर. समोरून वाघ गेला की फोटो निघतो, आणि जिथे मोबाइलची रेंज आहे तिथून तो थेट इंटरनेटवरच्या आमच्या साठ्यात जाऊन पडतो. हा साठा कुणाला उघडता येईल, त्याची एक यादी असते. संस्थेचे पगारी लोक त्या यादीत मेंबर, म्हणजे सदस्य. बाहेरचे, म्हणजे अभ्यासक, विद्यार्थी, छायाचित्रकार आणि गावोगावचे आमचे स्वयंसेवक, हे सगळे गेस्ट. त्यांनी आत कसं यायचं, किती वेळ थांबायचं, काय पाहायचं, हे ठरवणं बाईंचं काम. गेस्ट हा शब्द मात्र त्यांच्या तोंडून मी कधी ऐकला नाही. पाहुणे. कधी चिडल्या तर "पाव्हने".

तरुणपणी बाई बल्लारपूरच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या. ट्रंक कॉलचा जमाना. कानाला हेडफोन लावून त्या दिवसभर माणसं जोडून देत. एक्स्चेंज आपोआप चालायला लागलं आणि ऑपरेटर बायांना काम उरलं नाही, तेव्हा त्यांनी कॉम्प्युटरचा कोर्स केला, मग दुसरा केला, आणि एक-एक पायरी करत आमच्या संस्थेच्या सगळ्या यंत्रणेच्या प्रमुख झाल्या. पण माणसाची पारख करायची ती आवाजावरूनच, ही एक्स्चेंजची सवय गेली नाही. नव्या पाहुण्याची विनंती आली की बाई आधी त्याला फोन लावत.

"कोन बोलते? कोन्या कामानं येऊन राह्यले? इथलं कोन वळखते तुमाले?"

समोरचा मोठा शास्त्रज्ञ असो की पहिल्या वर्षाची विद्यार्थिनी, प्रश्न हेच, सूरही हाच. काही लोक खवळायचे. एकदा एक गृहस्थ म्हणाले, "मॅडम, माझी सगळी माहिती मी ऑनलाइन भरली आहे." बाई म्हणाल्या, "भरली ना. वाचली मी. आता तुमचा आवाज आयकून राह्यली." फोन ठेवल्यावर क्षणभर डोळे मिटून बसत आणि मग सांगत, "चांगला हाये. फक्त घाईत हाये." नाहीतर, "याले आठ दिवस थांबव."

इथलं कोण ओळखतं, हा त्यांचा सगळ्यात आवडता प्रश्न. प्रत्येक पाहुण्यामागे संस्थेतला एक जामीनदार हवाच, हा त्यांनीच घातलेला नियम. त्यावर त्या थांबत नसत. दर महिन्याला जामीनदारांना फोन. "तुमचा तो डेहराडूनवाला पाहुना. अजून तुमचाच हाये ना?" समोरचा जरा जरी अडखळला, "कोण बरं तो," असं म्हणाला, की पाहुणा त्याच दिवशी बंद. जामीनदाराला आठवत नाही असा पाहुणा घरात कशाला, हे त्यांचं साधं म्हणणं.

शिवाय पाहुण्याला रोज सकाळी नव्यानं साइन-इन करावं लागे. एकदा केलं की महिनाभर चालेल, अशी सोय यंत्रात होती. बाईंनी ती बंद करून टाकली होती. त्याबद्दल तक्रारींचा पाऊस पडायचा. "काल आलते म्हनून आज न विचारता सयपाकघरात घुसाचं काय?" एवढंच उत्तर.

आणि ओटीपी! फोनवर आलेला आकडा कुणाला सांगू नये, हे आपण सगळे जाहिरातीत ऐकतो आणि सोडून देतो. बाईंनी ते अंगाला लावून घेतलं होतं. एकदा एक प्राध्यापक ऑफिसातच बसून लॉगिन करत होते. त्यांना आकडे मोठ्यानं वाचायची सवय. "सात, शून्य, तीन," असं त्यांनी सुरू केलं आणि बाईंनी दोन्ही कानांत बोटं घालून डोळे गच्च मिटले. "मले सांगू नका, मले सांगू नका!" प्राध्यापक इतके दचकले की उरलेले आकडे विसरले. त्यांना पुन्हा कोड मागवावा लागला. तो त्यांनी मनातल्या मनात वाचला. ओठ हलत होते, पण आवाज नव्हता.

उन्हाळ्यात चंद्रपूर काय तापतं ते बाहेरच्याला सांगून कळत नाही. ऑफिसात एकच एसी, तो मशीनच्या खोलीत. आम्हाला कूलर. मी कुरकुर केली की बाई म्हणायच्या, "बाबू, मानसाले घाम येते, मशीनले येत नाई. त्याले जपा लागते." स्वतः ज्वारीच्या आंबिलीचा गडवा टेबलाखाली ठेवून दिवसभर घोटघोट पीत राहायच्या. पण एखाद्या गावाहून स्वयंसेवक बाई उन्हातून आली, की तिला सरळ मशीनच्या खोलीत नेऊन बसवायच्या. तिथे मलाही बसायची परवानगी नव्हती.

या स्वयंसेवकांपैकी शेवंताबाईंची ओळख इथेच करून देतो. मूलच्या पलीकडे, जंगलाला चिकटून असलेल्या एका गावात त्यांचा धानाचा लहानसा तुकडा. गावाच्या शिवेवरच्या कॅमेऱ्यासमोर वाघ आला, की त्यांच्या फोनवर सूचना जायची, फोटो उघडून खात्री करायची आणि गावाला सावध करायचं, हे त्यांचं काम. असे प्रत्येक गावात कुणी ना कुणी.

एकदा बाईंच्या लक्षात आलं की या सगळ्यांचे मेलचे पत्ते एकाच धाटणीचे आहेत. गावाचं नाव, मग व्यक्तीचं नाव, मग तोच आकडा. चौकशी केली तेव्हा कळलं, सगळ्यांनी फोन घेतले ते तालुक्याच्या एकाच दुकानातून, आणि दुकानदारानंच सगळ्यांची मेल खाती उघडून दिली. पासवर्ड त्याला ठाऊक. खातं अडकलं तर सोडवायला जो नंबर द्यावा लागतो, तोही त्याचाच. म्हणजे यादीत नाव शेवंताबाईंचं, पण आत कुणी शिरायचं ते दुकानदाराच्या हातात.

मी म्हटलं, पोलिसांत कळवू. बाईंनी मला गाडी काढायला लावली.

दुकानदार साधा माणूस होता. घाबरून गेला. "बाई, लोकाईले येत नाई म्हनून करून देतो मी. एक पैसा नाई घेत."

"तुमी चोर नाई, भाऊ," बाई प्लास्टिकच्या स्टुलावर बसत म्हणाल्या. "पन किल्ल्या तुमच्यापाशी हायेत. उद्या तुमचा फोन कोनं चोरला तं? तुमी एकटेच एवढ्या गावाचं वझं काऊन उचलून राह्यले?"

ते त्याला पटलं. मग बाईंनी गावोगाव फिरून, ओट्यावर, शाळेच्या व्हरांड्यात बसून, प्रत्येकाचं खातं त्याच्या-त्याच्या हवाली केलं. दुकानदार सगळीकडे बरोबर आला, आणि प्रत्येक ठिकाणी आपला नंबर काढून टाकताना "हे घ्या, सुटलो बाप्पा," असं म्हणत गेला.

शेवंताबाईंना अक्षरं फारशी येत नव्हती. त्यांच्यासाठी बोटाच्या ठशानं साइन-इन करायचं ठरलं. पण ठसाच उमटेना. रोवणी, निंदण, तेंदूपत्ता. अंगठा आणि बोटांच्या रेघा झिजून सपाट झालेल्या. फोन पुन्हा पुन्हा नाही म्हणू लागला, तशा शेवंताबाई ओशाळल्या. "राहू द्या वो बाई. माह्यानं नाई होत." बाईंनी त्यांचा हात आपल्या हातात घेतला, एक-एक बोट उजेडात धरून पाहिलं, आणि डाव्या हाताची करंगळी निवडली. "हे काई काम करत नाई वाट्टे. इले लावू कामाले." करंगळीचा ठसा पहिल्या झटक्यात उमटला. ओट्यावरच्या सगळ्या बाया हसल्या. शेवंताबाईही.

आता ज्या प्रसंगामुळे बाई माझ्या मनात कायमच्या राहिल्या, तो सांगतो.

मोहाचे दिवस होते. या दिवसांत पहाटे फुलं गळतात, आणि उजाडायच्या आत बाया टोपली घेऊन मोहाखाली पोचतात. शेवंताबाईंच्या गावाजवळच्या नाल्यात त्या वर्षी एक वाघीण दोन पिल्लं घेऊन राहिली होती. आम्ही ती जागा कुणाला सांगत नव्हतो. पण आमच्या नागपूरच्या संचालकांचा एक छायाचित्रकार मित्र पाहुणा म्हणून यादीत होता. त्यानं आमच्या कॅमेऱ्यातला फोटो उचलला, कोपऱ्यात आपलं नाव टाकलं आणि जगाला दाखवला. फोटोखाली कॅमेऱ्याचा नंबर, जागेसकट, तसाच राहिला होता. दुसऱ्या दिवशी गावाच्या रस्त्यावर गाड्यांची रांग लागली.

बाई खचल्या. या माणसाला त्यांनी स्वतः फोन केला होता. "आवाज तं खरा होता," त्या सारख्या म्हणत होत्या. "जामीनदारही पक्का होता. माह्या पद्धतीतच खोट निघाली." त्या दिवशी आंबिलीचा गडवा तसाच राहिला.

शुक्रवारी दुपारी संचालकांचा मेल आला. सगळे पाहुणे बंद करा. नवं धोरण ठरेपर्यंत एकालाही प्रवेश नको. अपवाद नको.

यंत्रात तसा एकच खटका होता. पाहुण्यांना साइन-इन करू द्यायचं की नाही. तो पाडला की पुण्याचे, बंगलोरचे, डेहराडूनचे बंद. आणि शेवंताबाईही बंद, कारण यादीत त्याही पाहुण्याच. करंगळी लावली असती तरी दार उघडलं नसतं.

मी संचालकांना फोन लावून पाहिला. ते विमानात होते की मीटिंगमध्ये, फोन लागला नाही. बाई म्हणाल्या, "लागला तरी ते नाईच म्हनतीन. अपवाद नको असं लिवलं हाये त्याईनं." उठून अंगणात गेल्या. कडक ऊन होतं. पदर डोक्यावर घेऊन तिथेच उभ्या राहिल्या. मी खिडकीतून पाहत होतो. त्या काही पुटपुटत होत्या, जणू कुणाशी फोनवर बोलत असाव्यात.

परत आल्या त्या सरळ खुर्चीत बसल्या आणि शेवंताबाईंचं पान उघडलं. नाव, गाव, फोन. त्याखाली एक ओळ, प्रकार: पाहुणा. ती ओळ बदलता येते, हे मला तोवर माहीत नव्हतं. बाईंनी 'पाहुणा' काढून 'सदस्य' केलं.

"बाई, हे चालते काय?" त्यांच्याबरोबर राहून मीही तसाच बोलायला लागलो होतो.

"मशीनले चालते. सायबाले चालते का नाई, ते कळल."

"पण सदस्याला सगळं दिसतं. वाघिणीची जागासुद्धा दिसेल."

"दिसू नाई देत. बस इथी."

मग संध्याकाळपर्यंत आम्ही तेच केलं. ज्या गावचा स्वयंसेवक, त्याला त्याच गावच्या शिवेवरचा कॅमेरा. शेजारच्या गावचाही नाही. नाल्यातले कॅमेरे कुणालाच नाहीत. बाई प्रत्येक नावाला थांबत आणि ते नाव मोठ्यानं उच्चारत. सगळी गावं झाली तेव्हा त्यांनी तो खटका पाडला. मग संचालकांना मेल लिहिला. पाहुण्यांचा प्रवेश बंद केला आहे. गावातल्या सहकाऱ्यांची नोंद पाहुणे म्हणून झाली होती, ती चुकीची होती, दुरुस्त केली आहे. काय-काय बदललं तेही सविस्तर लिहिलं, काही झाकलं नाही.

रविवारी सकाळी ऑफिसचा फोन माझ्याकडे वळवलेला होता. उजाडल्यावर शेवंताबाईंचा कॉल आला. त्या धापा टाकत होत्या, आणि मागे बायांचा गलका होता.

पहाटे त्यांचा फोन वाजला होता. करंगळी लावून त्यांनी फोटो उघडला, तर गावाच्या शिवेवर वाघीण. बाया आधीच मोहाकडे निघून गेलेल्या. शेवंताबाई तशाच अनवाणी धावत सुटल्या, ओरडत, हातातला भाताचा गंज चमच्यानं बडवत. बाया माघारी फिरल्या. एक म्हातारी मात्र अर्धं टोपलं भरलं होतं म्हणून उठेना. "वाघ फुलं थोडी खाते," असं म्हणून बसून राहिली. शेवंताबाईंनी तिला दंडाला धरून ओढत आणलं. टोपलं तिथेच राहिलं. सगळ्या शाळेच्या गच्चीवर चढल्या. तिथून त्यांनी पाहिलं. वाघीण मोहाच्या झाडांमधून आली, थांबली, आणि मागून पिल्लं आली.

मी तसाच बाईंच्या घरी गेलो. त्या अंगणात कपडे वाळत घालत होत्या. सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "सगळ्या वर पोचल्या होत्या ना? कोनी खाली राह्यली नाई?" नाही म्हटल्यावर हातातलं ओलं लुगडं पुन्हा झटकलं आणि दोरीवर टाकलं. ते त्यांनी आधीच एकदा झटकलं होतं.

सोमवारी संचालक आले. माणूस वाईट नव्हता. मित्रानं तोंडघशी पाडल्यामुळे दुखावलेला होता, वरून त्यांनाही कुणाला तरी उत्तर द्यायचं होतं.

"मी 'सगळे' असं लिहिलं होतं," ते म्हणाले.

"हो सायेब. सगळे पाहुणे."

"शब्दांशी खेळू नका, बाई."

"खेळली नाई. तुमच्या म्हनन्याचा अर्थ मले समजला होता. समजून-उमजून केलं."

"उद्या त्यांच्यापैकी कुणी फोटो बाहेर दिला तर?"

"तं जबाबदारी माही. सगळ्याईची जामीनदार मी. तसं लिवून दिलं हाये."

माझ्या ओठांवर रविवार आला होता. मी पुढे सरकलो, "सर, काल सकाळी," एवढंच म्हणालो, आणि बाईंनी माझ्याकडे पाहिलं. इतक्या वर्षांत त्यांनी माझ्याकडे तसं कधी पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "काल सकाळी फोन करणार होतो तुम्हाला." संचालकांनी मान हलवली. ते बाईंना लेखी समज देणार होते, आणि त्यांनी ती दिली. बाईंनी वाचून सही केली.

ते गेल्यावर मी भडकलो. "रविवारचं काऊन नाई सांगितलं? एका वाक्यात सगळं मिटलं असतं!"

"वाघीन आली म्हनून मी बरोबर झाली काय?" बाई म्हणाल्या. "अन नसती आली तं? तं मी चुकली असती?" मग जरा हळू आवाजात, "शुक्रवारी मले कुठी माहीत होतं रविवारी काय होनार हाये. शुक्रवारचं काम शुक्रवारच्याच जोरावर उभं राहाले पायजे, बाबू. अन बायांच्या जिवाचं नाव सांगून मी आपल्यावरची समज टाळू काय? जमत नाई मले."

रविवारची हकिगत आमच्या नेहमीच्या अहवालात गेली, तशी ती जायलाच हवी होती. संचालकांनी ती वाचलीही असणार. दिलेली समज त्यांनी मागे घेतली नाही. पण नवं धोरण आलं तेव्हा त्यात पाहुण्यांसाठी भरपूर नियम होते आणि गावच्या स्वयंसेवकांचा उल्लेख सदस्य म्हणून होता. बाईंनी ते धोरण वाचलं आणि एका ठिकाणची शुद्धलेखनाची चूक तेवढी कळवली. पुढे त्या निवृत्त झाल्या. त्यांची खुर्ची आता माझ्याकडे आहे. नव्या पाहुण्याला मी फोन करतो, पण डोळे मिटून आवाजावरून माणूस ओळखणं काही मला जमलेलं नाही.

त्या सोमवारचं एक सांगायचं राहिलं. दुपारी डबा खाताना बाईंना अचानक काही आठवलं. त्यांनी शेवंताबाईंना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला.

"काय वो, म्हातारीचं टोपलं भेटलं काय?"

"भेटलं ना बाई. पन कामाचं नाई राह्यलं. पिल्लाईनं चावून-चावून पार चिंध्या केल्या. एक तं त्याच्यातच बसून होतं, आमी वरून पाहून राह्यलो होतो."

"मंग म्हातारी काय म्हनते?"

पलीकडून हसण्याचा आवाज आला. "म्हनते, बसाचंच होतं तं फुलं तं सांडाची नव्हती!"

बाई हसायला लागल्या. हातातला घास ताटलीत ठेवून हसल्या, पदर तोंडाला लावून हसल्या, आणि पलीकडे शेवंताबाईही हसत होत्या. फोन बराच वेळ तसाच चालू राहिला. दोघींपैकी कुणीच तो ठेवत नव्हतं.